कोकणातलं घर लिलावाआधी स्वतः विकायचं असेल तर

दादाने नोटिसांची पाकिटं देवघराखालच्या फडताळात ठेवली होती, वातींच्या डब्यामागे. तीन पाकिटं. त्यातली दोन फोडलेलीच नव्हती. मे महिन्यात मी माहेरी गेले, वाती काढायला हात घातला आणि ती हाताला लागली.

घर दापोली तालुक्यातलं, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत. २०१८ साली कर्ज काढून मागच्या अंगाला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांचे पत्रे उडाले, आगरातले माड आडवे झाले, आणि त्यानंतर हप्ता कधीच वेळेवर बसला नाही. घर वडिलोपार्जित, म्हणून गहाणाच्या कागदावर माझीही सही होती. नोटीस मलाही निघाली होती, पण गावच्या पत्त्यावर. ती फडताळात राहिली.

ते घर आम्ही शेवटी स्वतः विकलं. लिलाव होऊ दिला नाही. बँकेचं देणं फिटलं आणि दादाच्या हाती थोडी रक्कम उरली. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच घरांच्या कागदांसोबत मी बसले आहे. प्रत्येक ठिकाणी तेच दिसलं: गिऱ्हाईक मिळायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट कागद जुळायला लागतो, आणि त्याहून जास्त वेळ घरातल्या माणसाने तोंड उघडायला लागतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. बँकेत ‘फोरक्लोजर’ म्हणतात ते जप्तीला नव्हे, मुदतीआधी कर्ज पुरतं फेडून खातं बंद करण्याला. तेव्हा बँकेत जाऊन ‘फोरक्लोजर लेटर द्या’ म्हणायला घाबरू नका. आपल्याला तेच हवं आहे. ज्याची भीती आहे त्याला बँकेच्या भाषेत ताबा आणि लिलाव म्हणतात.

आपण नेमके कुठल्या दिवसावर उभे आहोत

सगळी पाकिटं फोडा, तारखेप्रमाणे लावा आणि एका वहीत लिहून काढा. विकायला किती दिवस हाती आहेत ते यावरूनच कळतं.

हप्ता चुकला की बँक खात्यावर लक्ष ठेवायला लागते. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं कर्ज, होतं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यातल्या, म्हणजे बँकांना कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्यातल्या, कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस येते. या नोटिशीत नुसते थकलेले हप्ते मागत नाहीत, अख्खं कर्ज मागतात. रक्कम बघून माणसाचे हातपाय गळतात. दादाचंही तेच झालं. पण घड्याळ इथे संपत नाही, इथे सुरू होतं.

६० दिवसांत पैसे भरले नाहीत तर कलम १३(४) खाली बँक ताबा घेऊ शकते. पहिला ताबा बहुतेक वेळा प्रतीकात्मक असतो. दारावर नोटीस चिकटवतात आणि ती सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. घरातून कुणी बाहेर काढत नाही, कुलूपही लागत नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. मग मूल्यांकन, राखीव किंमत, ३० दिवसांची विक्रीची नोटीस आणि लिलाव.

या ओळीत एकच दिवस असा आहे की तो ओलांडला की परतीची वाट बंद. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होते तो दिवस. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) प्रमाणे सगळं येणं भरून मिळकत सोडवून घेण्याचा हक्क त्या प्रसिद्धीपर्यंतच राहतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे ठामपणे सांगितलं. पूर्वी लोक म्हणायचे, ‘लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरले तरी घर सुटतं.’ गावात अजूनही हेच सांगतात. त्यावर विसंबू नका. दारावर ताब्याची नोटीस लागली तरी घर विकता येतं, लिलावाची जाहिरात आल्यावर ते आपल्या हातात राहत नाही.

पहिला हप्ता चुकल्यापासून ताब्याच्या नोटिशीपर्यंत निदान पाच महिने मिळतात. दादाने सात महिने गप्प राहून घालवले. आम्ही कागद हातात घेतले तेव्हा प्रतीकात्मक ताबा होऊन गेला होता.

तुमचं कर्ज कुणाचं आहे त्यावर थोडा फरक पडतो. सहकारी बँकांनाही सरफेसी लागू आहे, हे घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. ‘आमची बँक गावची, ती काही करणार नाही’ असं समजू नका. पतसंस्थेची वाट वेगळी: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला आणि मग नियम १०७ प्रमाणे जप्ती व विक्री. तिथल्या तारखा वेगळ्या असतात, वकिलाकडून त्या नोटिशीवरूनच समजून घ्या. आणखी एक: शेतजमिनीच्या तारणाला सरफेसी लागत नाही. तुमचं घर बिनशेती न झालेल्या जागेवर असेल तर हा मुद्दा वकिलाला जरूर दाखवा. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, बँक दुसऱ्या मार्गाने वसुलीला जातेच.

बँकेकडून तीन कागद लेखी घ्या

शाखेतल्या साहेबांशी ओळख असेल, बोलणंही गोड होत असेल. पण नोटीस निघाल्यावर निर्णय ‘प्राधिकृत अधिकारी’ या पदावरच्या माणसाकडे जातो, आणि तो बहुधा विभागीय कार्यालयात बसतो. त्याचं नाव, पद आणि पत्ता नोटिशीच्या तळाशी असतो. पत्र त्यालाच, प्रत शाखेला.

पहिला कागद खात्याचा पूर्ण उतारा. मुद्दल, व्याज, दंड, वकिलाचा आणि नोटिशीचा खर्च वेगवेगळे दाखवलेले हवेत. कलम १३(३ए) प्रमाणे तुम्ही लेखी आक्षेप घेतलात तर बँकेला १५ दिवसांत कारणासह उत्तर द्यावं लागतं. रिझर्व्ह बँकेने दंडावर व्याज चढवणं आता बंद केलं आहे, तसं काही दिसलं तर याच पत्रात विचारा. एका घराच्या उताऱ्यात भरलेला हप्ताच जमा दाखवला नव्हता. विचारल्यावर दुरुस्त झाला.

दुसरा, ठरावीक तारखेपर्यंतचं एकूण येणं आणि त्यापुढे रोज किती व्याज चढेल ते. गृहकर्ज वैयक्तिक आणि बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी फेडण्याचा आकार बँकेला लावता येत नाही. धंद्यासाठी काढलेल्या कर्जाला मात्र करारपत्र बघा.

तिसरा, बँकेकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी. खरेदीदाराचा वकील पहिल्यांदा हेच मागतो. त्या दिवशी ‘बँकेत आहेत, बघतो’ असं म्हणावं लागलं की गिऱ्हाईकाचा विश्वास हलतो.

कागद: कोकणात वेळ इथेच जातो

देशावर एका माणसाच्या नावावर एक प्लॉट असतो आणि तो आठवड्यात विकला जातो. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे सातबारावर आजोबांचे तीन भाऊ, त्यांच्या मुली, मुंबईला गेलेले आणि परत न आलेले, सगळे एका ओळीत सामाईक उभे असतात. म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधी आठ दिवस फक्त कागदांना द्या.

सातबारा, ८-अ आणि त्यावर नमूद असलेले सगळे फेरफार काढा. सातबारा ऑनलाइन डिजिटल सहीचा मिळतो, जुने फेरफार तहसीलमधून हाताने लिहिलेले मिळतात. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा दिसेल, तो अपेक्षितच आहे. त्याखेरीज काय आहे ते नीट वाचा: कुळाची नोंद, वाटेचा हक्क, विहिरीत हिस्सा, एखादा जुना मनाई हुकूम. घर गावठाणात असेल तर सातबारा नसेलच. मग जिथे सिटी सर्व्हे झाला आहे तिथे मिळकत पत्रिका, आणि स्वामित्व योजनेतली ड्रोन मोजणी तुमच्या गावात झाली असेल तर त्यातली सनद. ग्रामपंचायतीचा नमुना ८, ज्याला आपण असेसमेंट म्हणतो, तो लागतोच, पण तो घरपट्टीचा कागद आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही. अनेक घरांत ‘आमच्याकडे असेसमेंट आहे की’ म्हणून लोक निवांत असतात आणि अडचण खरेदीखताच्या दिवशी बाहेर येते.

कर्जदार वारला असेल तर वारस नोंद आजच टाका. अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या पूर्वीच्या तलाठ्याकडे. नोटिशीचे १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कुणी हरकत घेतली तर महिने जातात. म्हणून अर्ज टाकण्याआधी सगळ्या वारसांना फोन करा. फोन, व्हॉट्सॲपवरचा निरोप नव्हे.

बहिणींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मी त्या जागी उभी होते. वडिलोपार्जित घरात मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो आला आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वडील हयात होते की नव्हते हा वादही मिटला. तरीही भाऊ बहिणीला शेवटच्या आठवड्यात फोन करतात, ‘सहीला ये.’ बहीण विचारते, ‘कशाची सही?’ आणि तिथे मन दुखावतं. मग सहीला नकार येतो, आणि त्या नकारामागे पैसा क्वचित असतो. पहिल्या दिवशी सांगा. बँकेचा आकडा दाखवा, किती उरेल ते दाखवा, त्यातला तिचा वाटा किती ते बोला. ती सोडायला तयार असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र, नसेल तर खरेदीखतावर तिची सही आणि तिच्या खात्यात तिची रक्कम. दोन्ही रस्ते सरळ आहेत. तोंडी ‘माझं काही नाही’ हे खरेदीदाराच्या वकिलाला चालत नाही.

मुंबई, पुणे, आखाती देश यांत विखुरलेल्या भावंडांसाठी कुलमुखत्यारपत्र करता येतं, पण ते याच मिळकतीपुरतं, विक्री करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेलं आणि रीतसर नोंदवलेलं असावं. परदेशातल्या माणसाने तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवलं की इथे आल्यावर त्यावर मुद्रांक भरावा लागतो. याला तीन आठवडे धरा.

जमिनीच्या शर्ती बघा. जागा शेतीची असेल तर ती शेतकऱ्यालाच विकता येते, कूळ कायद्याच्या कलम ६३ ची अट आहे. पुण्याचा डॉक्टर कितीही आवडीने घर बघून गेला तरी त्याच्याकडे शेतकरी दाखला नसेल तर व्यवहार तिथेच थांबतो. सातबारावर कलम ४३ ची नोंद असेल, म्हणजे जमीन कुळाला मिळालेली असेल, तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे खरेदी प्रमाणपत्राला १० वर्षं झाली असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही. जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून नोंद मोकळी होते. हे काम तहसीलमध्ये होतं. गिऱ्हाईक नसतानाही करून ठेवा.

आणि किनारा. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत आणि खाडीकाठी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांचे निर्बंध, लागतो. आहे ते घर विकायला त्याची आडकाठी नाही, पण घेणाऱ्याला पाडून नवं बांधायचं असेल तर त्याच्यासाठी तीच सगळ्यात मोठी गोष्ट. पहिल्या भेटीतच सांगा. साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, झाल्यावर त्याला कळलं तर तो मागे फिरेल, आणि तेव्हा तुमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक शोधायला दिवस नसतील.

वाटेचा प्रश्न राहिलाच. घरापर्यंत गाडी जाते ती जागा कुणाची? आमच्या घरी गाडीवाट चुलत्यांच्या आगरातून होती, पन्नास वर्षं कुणी अडवली नव्हती, कागद मात्र कुठेच नव्हता. काकांकडून वाटेच्या हक्काचा करार नोंदवून घेतला तेव्हा गिऱ्हाईक पुढे सरकलं. त्यासाठी मी काकांकडे तीनदा गेले. तिसऱ्यांदा काकूच म्हणाली, ‘अहो, पोरांचं घर जातंय, द्या सही.’

किंमत किती धरायची

घाईत माणूस दोन चुका करतो. एक, वाडीत कुणी कधी ऐकवलेला भाव धरून बसतो. दोन, पहिल्या माणसाने सांगितलेल्या आकड्याला घाबरून हो म्हणतो.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचे गोषवारे, शोधता येतात. तुमच्या गावात गेल्या वर्ष-दोन वर्षांत झालेली खरी खरेदीखतं बघा. सरकारी बाजारमूल्य, म्हणजे रेडी रेकनर, तेही काढा. मग वहीत असा हिशेब मांडा. समजा मुद्दल २८ लाख ४० हजार, थकलेलं व्याज २ लाख १० हजार, खर्च २५ हजार. एकूण ३० लाख ७५ हजार. साडेनऊ टक्क्यांनी यावर महिन्याला सुमारे २४ हजार ३०० रुपये व्याज चढतं. एकजण ४२ लाख महिन्याभरात देतो, दुसरा ४६ लाख चार महिन्यांनी. दुसऱ्यासाठी थांबण्याचा जास्तीचा खर्च तीन महिन्यांच्या व्याजाचा, म्हणजे ७३ हजारांच्या आसपास. कागदावर ४६ च बरे. पण त्या चार महिन्यांत लिलावाची जाहिरात येणार असेल तर ते ४६ लाख कधीच तुमचे नव्हते. म्हणून आकड्याशेजारी तारीख लिहा, आणि दुसऱ्याने त्या चार महिन्यांची हमी म्हणून किती रक्कम आधी टाकली तेही लिहा.

रेडी रेकनरपेक्षा खूप खाली विकू नका, त्याला आणखी एक कारण आहे. सरकारी मूल्य विक्रीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त असेल तर आयकर सरकारी मूल्य धरून भांडवली नफा मोजतो. आणि तो कर सगळे पैसे बँकेत गेले तरी लागतो, स्वतः काढलेलं गहाण फेडणं हा खर्च म्हणून वजा मिळत नाही. दोन वर्षांहून अधिक काळ असलेल्या घरावर दर १२.५ टक्के, आणि २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय. वडिलोपार्जित घराचं मूल्य १ एप्रिल २००१ चं धरता येतं, त्यासाठी मूल्यांककाचा दाखला घ्या. आमच्याकडे याने कर जवळजवळ उरला नाही. व्यवहाराआधी सीएला तासभर द्या. ५० लाख किंवा त्यावर किंमत असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापेल, तेवढी रक्कम बँकेकडे कमी पोचेल हे हिशेबात धरा.

गिऱ्हाईक

आधी भावंडं. सहवारसांपैकी एखाद्याला घ्यायचं असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे त्याला प्राधान्य मागता येतं. मागाहून वाद होण्यापेक्षा आज लेखी विचारलेलं बरं. मग शेजारी. ज्याचं आगर तुमच्या कुंपणाला लागून आहे त्याला हद्द दाखवावी लागत नाही, विहिरीचं पाणी मे महिन्यात कुठवर जातं तेही त्याला ठाऊक असतं. सगळ्यात झटपट व्यवहार तोच करतो. लाजेपोटी आपण नेमकं त्यालाच विचारत नाही. मग वाडीतले चाकरमानी, ज्यांना हिस्स्याच्या घरात जागा पुरत नाही. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात ते गावात असतात. वाडीच्या मुंबईच्या मंडळाच्या गटात एक साधा निरोप टाका: क्षेत्र, खोल्या, रस्ता, पाणी, किंमत, ‘बँकेचं कर्ज आहे, बँकेच्या संमतीने व्यवहार’. हे शेवटचं वाक्य लपवू नका. ते वाचून जे फोन करतात तेच खरे गिऱ्हाईक.

दलाल घ्यायचा तर एक किंवा दोन, टक्केवारी लेखी ठरवून आणि ती खरेदीखताच्या दिवशी द्यायची असं बोलून.

घरावर खर्च थोडाच करा. नळे परतून घ्या, विहिरीचा गाळ काढा, खळं सारवा किंवा धुऊन घ्या, गडग्याचा पडलेला चिरा बसवा, वाढलेली झुडपं तोडा. पावसात विकायची वेळ आली तर भिंतीवरची ओल लपवायला रंग मारू नका, गळती काढा आणि घेणाऱ्याला पडत्या पावसातच घर दाखवा. पावसात न गळणारं घर बघितलेला माणूस मागे फिरत नाही. फरशी, नवं बाथरूम असल्या गोष्टींत पैसे घालू नका.

बँकेची संमती: हे पत्र असं लिहा

६० दिवसांची नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय तारण घर विकायला कलम १३(१३) ची मनाई आहे. मोडली तर गुन्हा आहे. त्याआधीही मूळ कागद बँकेतच असतात, तेव्हा संमती कधीही टळत नाही. ती मिळवायचा मार्ग म्हणजे नक्की गिऱ्हाईक आणि नक्की तारीख. नुसतं ‘विकतो आहे, थांबा’ या पत्राला बँक दाद देत नाही, असं मला दिसलं आहे. आम्ही साधारण असं लिहिलं:

‘कर्जखाते क्र. … . आपली दि. … ची नोटीस मिळाली. तारण मिळकत आम्ही सर्व सहमालक स्वतः विकून आपलं पूर्ण येणं फेडू इच्छितो. खरेदीदाराने रु. … देऊ केले असून त्यांचं सहीचं पत्र आणि रु. … कर्जखात्यात भरल्याची पावती सोबत जोडली आहे. उर्वरित रक्कम दि. … पर्यंत थेट कर्जखात्यात जमा होईल. विक्रीस लेखी संमती द्यावी, त्या तारखेअखेरचं येणं कळवावं, आणि तोवर लिलावाची नोटीस प्रसिद्ध करू नये, ही विनंती.’

पत्र हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, शिवाय ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट. विसाराचे पैसे कर्जखात्यात आधीच गेल्याचं दिसलं की बँकेचा सूर बदलतो. खरेदीदार मात्र घाबरेल, ‘माझे पैसे गेले आणि घर मिळालं नाही तर?’ त्याची भीती रास्त आहे. म्हणून विसार पावतीत लिहा की बँकेने ठरावीक तारखेपर्यंत संमती दिली नाही तर तेवढी रक्कम तुम्ही परत द्याल, आणि ती कुठून देणार तेही. आमच्या वेळी मी माझी मुदत ठेव त्यासाठी बाजूला ठेवली होती.

येणं किमतीपेक्षाच जास्त असेल तर एकरकमी तडजोड मागा. तो तुमचा हक्क नाही, बँकेची मर्जी आहे, आणि सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ असा शिक्का बसतो. पण घर विकून जेवढं येईल तेवढं एकदम मिळणार असं दिसलं तर बँका व्याजावर बोलायला तयार होतात.

वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करणं, धमकावणं हे रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. बँकेला लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ताब्याची कारवाईच चुकीची वाटत असेल तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे मला खूप उशिरा कळलं.

पैसे हलतात तो दिवस

खरेदीदार स्वतः कर्ज काढणार असेल तर त्याच्या बँकेला तुमच्या बँकेचं पत्र लागतं: एवढी रक्कम आली की मूळ कागद देऊ. त्याचा स्वतःचा हिस्सा आधी तुमच्या कर्जखात्यात, मग नोंदणीकृत साठेखत, मग त्याच्या बँकेचा डीडी तुमच्या बँकेच्या नावे कर्जखाते क्रमांकासह, मग तुमचं नो ड्यूज, म्हणजे देणं फिटल्याचं पत्र, आणि कागद, मग खरेदीखत. याला दीड-दोन महिने धरा. कर्ज न काढता स्वतःच्या ठेवीतून देणारा खरेदीदार असेल तर साठेखत टाळून थेट खरेदीखत करता येतं. बँकेच्या अधिकाऱ्याला दुय्यम निबंधक कार्यालयात कागद घेऊन बोलवा, एका सकाळी सगळं उरकतं. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, आणि मुद्रांक शुल्क, हे दोन्ही रिवाजाने खरेदीदार भरतो. तरी विसार पावतीत लिहून घ्या.

रोख घेऊ नका. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, आणि रोख रक्कम बँकेच्या देण्यात दिसतच नाही. ‘आधी कुलमुखत्यार करून द्या, बँकेचं मी बघतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ‘आत्ता माझ्या नावावर करा, दोन वर्षांत परत घ्या’ म्हणणाऱ्यालाही. तोंडच्या शब्दावर दिलेलं घर परत मिळत नाही. व्याजाने पैसे देऊन घर लिहून घेणाऱ्या सावकाराविरुद्ध २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, पण तिथवर वेळ येऊ देऊ नका.

खरेदीखतात झाडं, विहिरीतला हिस्सा, वाट, विजेचा मीटर आणि घरात राहणाऱ्या वस्तू नावानिशी लिहा. देव काय करायचे ते आधी ठरवा. आमचे देव दादा भाड्याच्या खोलीत घेऊन गेला, देवघराची लाकडी चौकट मात्र भिंतीत होती, ती घेणाऱ्यांनी मागून घेतली.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. १ डिसेंबर २०२३ पासून उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. पतसंस्थेला मात्र हा नियम लागत नाही. गहाणखत नोंदवलेलं असेल तर मुक्तीचा दस्त नोंदवून घ्या. बँकेला सेरसाईवरची, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली, नोंद काढायला सांगा. महावितरणचा मीटर आणि घरपट्टी खरेदीदाराच्या नावावर लावून द्या, नाहीतर त्याची बिलं तुमच्या नावाने येत राहतील. बँकेचं पत्र घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे बोजा कमी करायचा अर्ज द्या. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढा, एक प्रत खरेदीदाराला, एक स्वतःकडे. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचं नाव उरलं नाही हे डोळ्यांनी बघून घ्या. तीन महिन्यांनी सिबिलचा अहवाल मागवा आणि त्यात खातं बंद दाखवलं आहे का ते तपासा.